साहेबांच्या हिश्श्याचा बांध

चिकणमातीचा बांध पावलांनी टिकतो. माणसांनी त्यावरून चालणं सोडलं की तो आतून भुसभुशीत होत जातो. वरून मात्र चांगला हिरवागार दिसतो.

*

माउंट अबूला पोलीस अधिकाऱ्यांना शिकवायच्या मैदानावर एक तांबडा घोडा होता. नव्या पोरांना पाडायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. कोकणातून आलेल्या एका पोराला त्यानं पहिल्याच आठवड्यात पुन्हा पुन्हा पाडलं. शेवटी पोरानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन आपल्या गावच्या बोलीत दोन शब्द सांगितले. ते शब्द चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते. घोडा ऐकायला लागला.

*

ठमाबाईनं कोंबड्या पाळणं बंद केलं.

*

चुना लावलेले दगड दुरून बगळ्यांसारखे दिसतात. जवळ गेलं तरी उडत नाहीत, एवढाच फरक.

*

नारंगखारात बाईनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, थोरल्या दिराचं घ्यायचं नाही. धाकट्या दिराचं घेतलं तर चालतं. त्याला शिव्या घातल्या तरी चालतात. त्या नाही घातल्या तर वहिनी आजारी आहे असं समजतात.

*

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला नारंगखारचा बांध फुटला.

पाऊस तिरका होता, वारा खाडीवरून येत होता. सकाळी बाबाजी घरत घरी आला तेव्हा मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेला होता. पाय न धुता तो पडवीत उंबऱ्याशी बसला, आणि त्यावरूनच त्याच्या बायकोला, राहीला, कळलं. बाबाजी कधी पाय न धुता बसत नसे. तिनं तांब्या आणून बाजूला ठेवला आणि विचारलं, बांधाला खांड कुठं पडली?

“भावाच्या हिश्श्याला,” बाबाजी म्हणाला.

 राहीनं डोईवर इरलं घेतलं आणि शेताकडे गेली. नुकतीच लावणी झालेली होती. तिच्या स्वतःच्या हातांनी लावलेली रोपं, त्यांचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते, आणि पाणी पावसाचं नव्हतं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. मग ते बोट लुगड्याला पुसलं आणि परत आली.

खाऱ्या गावांचा धर्म एकच. गावाच्या आणि खाडीच्या मध्ये बांध आहे म्हणून गाव आहे. तो बांध सगळ्यांचा, पण प्रत्येक घराचा त्यात मोजून दिलेला तुकडा. त्याच्या मागची जमीन त्या घराची. खांड पडली, म्हणजे बांधाला भगदाड गेलं, की घरटी एक माणूस यायचा, आणि ज्याच्या तुकड्याला खांड पडली त्या घरच्या माणसानं सगळ्यांच्या आधी खांडीत उतरायचं. पाठीनं पेंढ्याच्या जुड्या दाबून धरायच्या, पाय रोवून उभं राहायचं. बाकीचे त्याच्याभोवती चिखलाचे गोळे टाकतात, तो ते पायांनी तुडवत राहतो. बांध चढेल तसा माणूस वर चढतो. खांड बुजेपर्यंत त्यानं बाहेर यायचं नाही. मजुरीचा गडी तिथं चालत नाही. त्या घरचा माणूस उतरला नाही तर तो तुकडा आणि मागची जमीन गावाची होते, आणि बांधावरून त्या घराचं नाव जातं.

सासरा अंबाजी वारला तेव्हा पंचांनी विचारलं होतं, बांधाला घर एक धरायचं की दोन? थोरला बाबाजी शेतात, धाकटा रावजी पोलिसात मोठा साहेब. राहीला वाटलं होतं, नवरा एक सांगेल. एका घराला एक माणूस, एका माणसाचं काम. बाबाजीनं सांगितलं, दोन. त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात त्यानं दोन घरांचा बांध चढवला, आधी आपला, मग रावजीचा. रात्री तो कूस वळताना कण्हायचा आणि राही अंधारात जागी असायची. धाकट्या दिरावर तिचा राग होता तो त्या कण्हण्याएवढा जुना होता.

*

रावजी पहिल्यांदा खानदेशात असिस्टंट सुपरिंटेंडंट झाला, तेव्हा तालुक्याचा फौजदार नारंगखारात पाया पडायला आला. कुणाच्या पाया पडायचं हे त्याला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून तो ठमाबाईच्या पडला. साहेबांची आई म्हणून तिनं कोंबडा कापला. पुढच्या महिन्यात त्या फौजदाराची बदली झाली. नवा आला, तोही पाया पडला. मग जमादार आले, मग पलीकडच्या तालुक्याचे आले. कुणी काही मागितलं नाही, दमदाटी केली नाही. सगळे अदबीनं बसायचे, अदबीनं जेवायचे. अंड्यावरची कोंबडीसुद्धा जेव्हा गेली तेव्हा ठमाबाई सुनेला म्हणाली, “आपला रावजी चोर झाला असता तर येवढे पोलीस घरात न्हायी आले असते.”

*

बांध फुटला त्या दिवशी दुपारी गाव देवळात जमलं. गुणाजी पाटील हा बांधाचा मुख्य पंच; सत्तरीचा, एका डोळ्यानं अधू, पण बांधावरून अनवाणी चालला की तळव्याला कुठं मऊ लागतं ते सांगायचा. पुढच्या उधाणाच्या आत, भांगाचं, म्हणजे कमी भरतीचं, पाणी आहे तोवर खांड बुजवायची, नाहीतर खाडी आत राहायला येईल, असं त्यानं सांगितलं. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. दुमत पुढं झालं.

बाबाजी म्हणाला, मी उतरतो. गुणाजीनं विचारलं, कुणाचा म्हणून? बाबाजी म्हणाला, दोन्ही घरांचा. मागून कुणीतरी बोललं की इतकी वर्षं चाललं ते माती टाकायला चाललं, खांडीला कसं चालेल. खांडीत एक माणूस दोन घरांचा उभा राहिला असं बापजन्मी ऐकलं नाही. दुसरा म्हणाला, ज्याचा तुकडा त्याला बोलवा. तिसऱ्यानं सुचवलं की दिल्लीहून साहेबांची टोपी मागवा, ती काठीवर लावून उभी करा, पाणी सलाम ठोकून परत जाईल. देऊळभर लोक हसले. बाबाजीही हसला. राही बायकांत बसली होती. नवऱ्याला हसताना पाहून तिला बरं वाटलं नाही.

बाबाजीला अंतर्गळ होता. कमरेला घट्ट पट्टा बांधून तो काम करायचा. आदल्या उन्हाळ्यात बांधावर पाटी उचलताना तो पांढरा पडून खाली बसला होता, आणि अलिबागच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की पुन्हा जड उचलशील, जोर लावशील तर आतडं अडकेल आणि मी काही करू शकणार नाही. हे गुणाजीला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण नियम होता तो होता.

“दोन हिस्से, दोन मानसं,” गुणाजी शेवटी म्हणाला. “तुजा हिस्सा वेगला हाय, त्याची माती टाकायला तू ये. रावजीच्या खांडीत रावजी. न्हाय आला तर त्यो तुकडा गावाचा. मना बरं वाटतं असं समजू नको.”

बाबाजी म्हणाला, बघू.

घरी येऊन त्यानं पट्टा सोडून वाळत घातला आणि सांगितलं की आपण उतरणार; एकदा पाण्यात उभा राहिलो की मला बाहेर कोण काढतं ते बघतो. हिस्सा सोडायचा नाही. राहीनं विचारलं, जाऊ दे ना त्यांचा हिस्सा, त्यांना दिल्लीत भात मिळत नाही का? तेव्हा बाबाजी तिच्याकडे असा बघत राहिला की ती चुलीपाशी जाऊन बसली.

*

रावजी पुढे सोलापूरकडे सुपरिंटेंडंट झाला. तेव्हाच्या फौजदारानं नारंगखारच्या बांधावर साहेबांचा तुकडा कुठला ते विचारून घेतलं. एका रविवारी चार शिपाई आले. तुकड्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी चुना लावलेले दगड मांडले, करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं, वर हरळी लावली, आणि एक पाटी ठोकली. पाटीवर रावजीचं नाव आणि हुद्दा होता. सगळं इतकं नीटनेटकं झालं की गावातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून माणसं तिथं आली की बांधावरून खाली उतरायची, चिखलातून वळसा घालून पलीकडे चढायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण साहेबांच्या नावावरून चिखलाचे पाय घेऊन कसं जायचं? गुरंसुद्धा काटे बघून वळायची. वर्षातून एकदा बाबाजी कुंपण ओलांडून आत जायचा आणि एकटा माती टाकायचा. एकट्याच्या पावलांनी कितीसा बांध बसणार. हरळीखाली चिंबोऱ्यांनी घरं केली. पाटीवरचा हुद्दा दोनदा बदलला, तो बदलायला फौजदार आठवणीनं माणूस पाठवायचा.

*

गावातली रंगू अलिबागच्या बाजारात वाल आणि सोडे विकायला बसायची. ती सांगत आली की डाकबंगल्याला रंग काढलाय, रस्त्यावर खडी टाकलीय, दिल्लीचा कुणी मोठा पोलीस साहेब तपासणीला आलाय, आणि शिपाई म्हणत होते की तो इथलाच, आगऱ्यांचा आहे.

राही सासूकडे गेली. ठमाबाई खाटेवर बसून सुपारी कातरत होती. मुलगा अलिबागला येऊन घरी आला नाही हे ऐकून तिनं अडकित्ता खाली ठेवला, परत उचलला. मग म्हणाली, बाबाजीला सांगू नको, सकाळच्या गाडीनं जा.

“काय सांगू त्यांना?”

“खांड पडलीय म्हनून सांग. आनखी काय सांगायचं?”

डाकबंगल्याच्या फाटकावरच्या शिपायानं राहीला मासळीवाली समजून भाव विचारला. मासळी नाही म्हटल्यावर त्याला तिच्यात रस उरला नाही. साहेबांची वहिनी आहे असं तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, सकाळपासून साहेबांचे दोन मामा आणि एक वर्गबंधू येऊन गेलेत, तुम्ही त्या बदामाखाली बसा. तिथं आधीच कुणाकुणाच्या तक्रारी घेऊन आलेले लोक बसले होते. तीही बसली. पानांवरून पाणी गळत होतं. तिच्या इरल्याखाली शेजारची एक म्हातारी सरकली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

दुपारी व्हरांड्यात हालचाल झाली. दरवाजा उघडला तसे सगळे गणवेश एकदम ताठ झाले. मधून रावजी आला. राहीनं त्याला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. पोट सुटलं होतं, केस मागं गेले होते, चष्मा आला होता. लग्न होऊन ती आली तेव्हा तो शाळेत जायचा. खाडीवरून आला की तीच त्याला विहिरीवर उभा करून घासायची, आणि तो ओरडायचा. माणसं त्याला सलाम करत होती आणि तो प्रत्येकाकडे किंचित मान हलवत होता, एखाद्याची मान दुखत असावी तशी. त्याची नजर बदामाखाली गेली आणि थांबली.

तो पायऱ्या उतरून पावसात आला. फाटकावरचा शिपाई छत्री शोधायला पळाला.

“वैनी? तू इथं का बसलीस?”

“तुमच्या शिपायानं बसवलं,” राही म्हणाली. तो साहेब झाल्यापासून ती त्याला ‘तुमी’ म्हणायची. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं तिला आतल्या खोलीत नेलं. ती खुर्चीवर बसायला तयार नव्हती, म्हणून तोही उभाच राहिला. घरी का आला नाहीत हे ती विचारणार नाही असं तिनं ठरवलं होतं. त्यानं आपणच सांगितलं. मी आलो की मागून वीस माणसं येतात, ती आईचं घर खाऊन टाकतात. राहीला हे खरं वाटलं आणि पुरेसं वाटलं नाही.

तिनं खांडीचं सांगितलं. कुणाच्या तुकड्याला पडली ते सांगितलं. चुन्याचे दगड, काटे, पाटी, वळसा घालून जाणारी माणसं, सगळं सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं चष्मा काढून पुसला.

“पाटीवर काय लिवलंय?”

“तुमचं नाव. मना काय वाचता येतं?”

मग तिनं पंचांचा निकाल सांगितला. तुम्ही आला नाहीत तर हिस्सा गावाचा होणार, आणि तुमचा भाऊ तो होऊ देणार नाही, तो पट्टा बांधून पाण्यात उतरणार. डॉक्टरनं काय सांगितलंय तेही तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही. आपण भीक मागायला आलो नाही, कुणाचं काम कुणी करायचं एवढंच सांगायला आलो, हे तिनं वाटभर मनात घोकलं होतं.

रावजी खिडकीपाशी गेला. बाहेर पोर्चमध्ये त्याची गाडी पुसत होते.

“दादूस बोलला, हिस्सा सोडायचा न्हाय?”

“व्हय.”

“आनि तुला काय सांगलं त्यानं? माज्या हिश्श्याचं?”

“काय सांगायचं? तुमचा हाय, त्यो राखतो. इतकी वर्सं राखला.”

रावजीनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नंतर त्यानं विचारलं, ओहोटी कधी? राहीनं सांगितलं, उद्या दुपार कलताना. तो म्हणाला, बरं. जाताना त्यानं तिच्यासाठी गाडी काढायला सांगितली. राही म्हणाली, आमची एसटी हाय. फाटकावरच्या शिपायानं तिला सलाम केला तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, कुणी साहेब आलाय की काय म्हणून.

*

दिल्लीत रावजी नक्की काय करतो हे नारंगखारात कुणाला सांगता येत नसे. चोर पकडत नाही, एवढं कळलं होतं. सगळ्या राज्यांचे पोलीस त्याला काहीतरी कळवतात आणि तो ते वरच्यांना कळवतो. गुणाजी पाटील हे ऐकून म्हणाला होता, म्हणजे उघाडीवरच्या राखणदारासारखं. पाणी कुठलं आत घ्यायचं, कुठलं बाहेर सोडायचं. रावजीला हे कुणीतरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, इतकं सोपं काम मला अजून मिळालेलं नाही.

*

तो गाडीनं आला नाही. म्हणजे गाडी डांबरी रस्त्यावर सोडून शेताच्या बांधांवरून चालत आला. मागं तालुक्याचा फौजदार छत्री उघडून, तोल सावरत येत होता. गाव बांधावर जमलेलं होतं. पेंढ्याच्या जुड्या बांधून झाल्या होत्या, मेढी ठोकून झाल्या होत्या, आतल्या खाजणातून चिखल कापणारे कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होते. बाबाजी पट्टा आवळून खांडीच्या तोंडाशी उभा होता आणि गुणाजी त्याला हातानं अडवून होता. राही घमेलं घेऊन बायकांच्या रांगेत होती.

दोघे भाऊ समोरासमोर आले. बाबाजी हळूच काहीतरी बोलला. काय ते राहीला ऐकू आलं नाही. रावजीनं फक्त मान हलवली आणि गुणाजीकडे वळला.

“हिस्सा माझा आहे, आजा,” तो म्हणाला. “मी उतरतो.”

त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट गुडघ्यावर दुमडली. पाय पांढरे आणि मऊ होते, लहान पोराच्या पायांसारखे. खांडीत उतरताना तो घसरला आणि कमरेपर्यंत आत गेला. फौजदाराच्या तोंडून आवाज निघाला. रावजी उठला, जुडी पाठीला घेतली, पाय रोवले. पाठीला जुडी कशी लावायची ते तो विसरला नव्हता; खांद्यानं नाही, पाठीच्या कण्यानं. ते पाहून गुणाजीनं मान डोलावली आणि चिखल टाकायला सांगितलं.

चिखल यायला लागला. पण कसा आला? पहिल्या गड्यानं गोळा दोन्ही हातांवर घेऊन, वाकून, साहेबांच्या पायापाशी हळूच ठेवला. दुसऱ्यानं म्हटलं, साहेब जरा बाजूला. तिसरा आधी लहान गोळा तोडून घेऊन आला. अंगावर उडेल म्हणून कुणी टाकेना. एरवी गोळे आभाळातून गारा पडाव्यात तसे पडतात. आज माणसं एकामागून एक रांगेनं येत होती, ठेवत होती, मागं सरत होती, देवळात फूल वाहावं तशी. ठेवलेला चिखल पाणी तेवढ्याच वेळात चाटून नेत होतं. रावजी तुडवत होता ते पायाखालून निघून जात होतं. तो काही बोलत नव्हता. कदाचित त्याला वाटलं असेल की असंच असतं, किंवा आपण सांगितलं तर तो हुकूम होईल.

गुणाजी ओरडला, जोरात टाका. गडी म्हणाले, व्हय. आणि तसेच ठेवत राहिले.

राही खाडीकडे बघत होती. मधल्या वाळूच्या पट्टीवर बगळे होते ते उठले. म्हणजे पाणी फिरलं. बाबाजीनंही ते पाहिलं. त्याचा हात पट्ट्याकडे गेला, आणि तो खांडीकडे एक पाऊल सरकला.

राहीनं घमेलं खाली टाकलं. खड्ड्याच्या काठावरचा सगळ्यात मोठा गोळा दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला, पुढच्या दोन माणसांना कोपरानं बाजूला सारलं आणि अंगातल्या सगळ्या जोरानं फेकला. तो रावजीच्या छातीवर बसला. चष्मा चिखलानं भरला.

चिखल ठेवणाऱ्यांची रांग जागच्या जागी थांबली.

“रावज्या,” राही म्हणाली, “मेल्या, उभा काय ऱ्हातोस नवरदेवासारका? तुडव! बूड हालव तुजं. खुर्चीत बसून बसून म्हशीयेवडं झालंय त्ये, येका बुडानं खांड बुजंल, पन हालवशील तर. बघतोस काय माज्याकडं? विहिरीवर रडायचास तसा रड, पन पाय हालव!”

फौजदार छत्रीसकट पुढं झाला होता. त्याला काय करायचं ते सुचेना.

रावजीनं चष्मा काढला, आंधळ्यासारखा आवाजाच्या दिशेनं पाहत राहिला. मग त्याच्या चिखलानं भरलेल्या तोंडात दात दिसले. त्यानं वाकून मूठभर चिखल घेतला आणि अंदाजानं तिच्याकडे भिरकावला. तो गुणाजीला लागला.

“टाका रं,” तो ओरडला, “वैनीला आवरा कुनीतरी, न्हायतर मना मारल!”

आणि मग गोळे पडायला लागले. मागून, पुढून, खांद्यावर, डोक्यावर. रंगूनं एक घातला आणि त्याच्या आजीचा उद्धार केला. ज्यांनी त्याच्याबरोबर चिंबोऱ्या पकडल्या होत्या त्यांना त्याची जुनी नावं आठवली, ती सांगण्यासारखी नव्हती. रावजी तुडवत होता, नाचल्यासारखा, कुणाला तरी उलट शिव्या देत होता. गुणाजीनं फौजदाराला सांगितलं की ते चुन्याचे दगड नुसते बसलेत, आणा इकडं. फौजदारानं छत्री मिटली, दगड एकेक करून उचलून आणले, खांडीच्या बुडात टाकले. पाटीही त्यानंच उपटून दिली. ती आडवी घालून तिच्यावर चिखल चढला. बाबाजी काठावर उभा राहून कुठं मऊ आहे ते दाखवत होता. त्याला कुणी उचलू दिलं नाही.

पाणी बांधाच्या बाहेर चढत आलं तेव्हा रावजी बांधावर होता. तो चढला नव्हता. बांधच त्याला घेऊन वर आला होता. मग सगळं गाव त्या नव्या मातीवरून इकडून तिकडे चाललं, पुन्हा पुन्हा, बायका, पोरं, म्हातारी माणसं, कुणीतरी बैल आणले. रावजी अनवाणी, भावाच्या मागं मागं चालत होता. चालताना बाबाजीनं एकदा मागं न बघता हात पाठीमागं केला आणि रावजीनं तो धरला, लहानपणी निसरड्यावरून जाताना धरायचा तसा. पलीकडच्या टोकाला गेल्यावर सोडला.

घरी विहिरीवर राहीनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. ठमाबाई आतून म्हणाली, कान घास त्याचे. जेवायला सुकी मासळी आणि भाकरी होती. फौजदारालाही तीच वाढली. निघताना रावजी आईच्या पाया पडला, मग राहीच्या पडायला वाकला तर ती मागं सरली आणि म्हणाली, चल, नाटकं करू नको, गाडी खोळंबलीय तुजी.

त्या रात्री बाबाजी कण्हला नाही. राहीला शांत झोप लागली. शेतात त्या वर्षी भात होणार नव्हतं, पुढच्या वर्षीही अर्धंच, तरी तिच्या मनातलं जुनं काहीतरी बसलं होतं. दिरानं एकदा तरी आपलं काम आपण केलं होतं, आणि आपला हिस्सा आपण राखला होता.

अंबाजीचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पंच विचारायला येण्याआधी, १९५३ साली, रावजीनं अलिबागला जाऊन आपला सगळा हिस्सा थोरल्या भावाच्या नावावर करून दिला होता. बाबाजी त्याच्या सोबत होता, आणि तरीही पंचांना त्यानं दोन घरं सांगितली.